हेडफोन घेताना आधी कान, मग आवाज, आकडे शेवटी

मोबाइलच्या दुकानात काउंटरमागे हेडफोनची खोकी टांगलेली असतात आणि प्रत्येकावर एक ठळक आकडा छापलेला असतो. ५० एमएम ड्रायव्हर, १०० तास बॅटरी, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. गिऱ्हाईक आकडे वाचतं, किंमत विचारतं, खोकं उचलतं. महिन्याभरात कानाची पाळी दुखायला लागते, नाहीतर ऑफिसच्या कॉलवर समोरचा ‘तुझा आवाज विहिरीतून येतोय’ म्हणतो आणि हेडफोन कपाटात जाऊन पडतो. खोक्यावरचे आकडे बहुतेक वेळा खरेच असतात, पण आपल्याला जे कळायला हवं ते त्यांतून कळत नाही.

फोनसोबत आलेल्या किंवा स्टेशनबाहेर घेतलेल्या इअरफोनवर आजवर भागवलेल्यांसाठी, आता पहिल्यांदाच जरा बरं काही घेऊ म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बजेट साधारण दीड हजारापासून आठ-दहा हजारांपर्यंत धरलं आहे. त्यापुढे पैसे दुप्पट करून आवाज दुप्पट चांगला होत नाही, आणि तिथवर पोचलेल्यांना या लेखाची गरजही नसते.

पायरी १ : कुठे वापरणार ते आधी ठरवा

‘सगळ्यासाठी एकच’ असा हेडफोन नसतो. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी, दिवसातला सगळ्यात जास्त वेळ तो कुठे कानावर असेल, हे स्वतःला विचारा. उत्तर एकच द्या. दोन दिलीत तर दोन्हीकडे अर्धवट चालणारी वस्तू घरी येते.

लोकल, एसटी, मेट्रो असं उत्तर असेल तर बाहेरचा आवाज अडवणारा प्रकार हवा: कानाच्या आत घट्ट बसणारे इन-इअर, किंवा संपूर्ण कान झाकणारे बंद पाठीचे ओव्हर-इअर. विरार लोकलच्या गर्दीत डोक्यावर मोठा हेडफोन सांभाळणं कठीणच. तिथे इन-इअर बरे. त्यातही दोन्ही बड्स सुटे असलेल्या प्रकारापेक्षा नेकबँड किंवा वायरवाला घ्या, असं माझं मत. दारात उभं असताना एक बड कानातून निसटला की तो रुळांवर गेलेला असतो.

घरी शांत खोलीत गाणं ऐकायचं असेल तर उघड्या पाठीचे, म्हणजे ओपन-बॅक हेडफोन ऐकून बघाच. त्यांच्या कपांना मागून जाळी असते, त्यामुळे आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, समोर मोकळ्या जागेत पसरल्यासारखा वाटतो. मात्र ती जाळी दोन्ही बाजूंनी काम करते. पंख्याची घरघर आत येते आणि तुमचं गाणं शेजारी बसलेल्याला ऐकू जातं. एका खोलीत चौघं राहत असतील तर हा विचार सोडून द्या.

दिवसभर मीटिंग असतील तर संगीतापेक्षा माइक आणि वजन महत्त्वाचं. रियाज, कीबोर्ड, रेकॉर्डिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल तर वायरच हवी. का, ते चौथ्या पायरीत.

पायरी २ : कानाला बसतो का?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चांगला आवाज नीट न बसणाऱ्या हेडफोनमधून येऊच शकत नाही.

इन-इअर घेतलेत तर सोबत रबराच्या टोप्यांच्या तीन जोड्या येतात: लहान, मध्यम, मोठी. नव्वद टक्के लोक मधली लावलेली असते तीच ठेवतात आणि मग ‘याला बास नाही’ अशी तक्रार करतात. कानाची नळी आणि रबर यांच्यामध्ये बारीक फट राहिली की खालचे सूर तिथूनच गळून जातात. उरतो तो पातळ, चिरका आवाज. बसवायची रीत अशी: डाव्या कानात घालताना उजवा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी हलकेच वर आणि मागे ओढा. नळी सरळ होते. मग डाव्या हाताने बड थोडा फिरवत आत सरकवा आणि पाळी सोडा. आता तोंड मिटून गुणगुणा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा, नेहमीपेक्षा मोठा आला तर कान नीट बंद झालाय. एका बाजूला घुमतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं झालं तर त्या बाजूची टोपी बदला. दोन्ही कानांची मापं वेगळी असणं अगदी सर्रास आहे. एका कानात मध्यम आणि दुसऱ्यात मोठी घालायला काही हरकत नाही. मग तोंड उघडा, जांभई द्या, काहीतरी चावल्यासारखं करा. जबडा हलला की सुटणारा बड जिना चढताना नक्की पडणार.

ज्यांना कानात काही खुपसलेलं सहन होत नाही, त्यांच्यासाठी कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे बड्स असतात. आरामशीर, पण बाहेरचं सगळं ऐकू येतं आणि बास कमी. फोनवर बोलायला उत्तम, लोकलमध्ये गाणं ऐकायला निरुपयोगी.

डोक्यावर घालायच्या प्रकारात ऑन-इअर, म्हणजे कानावर दाबून बसणारे, आणि ओव्हर-इअर, म्हणजे कानाभोवती बसणारे, असे दोन असतात. ऑन-इअर लहान आणि स्वस्त दिसतात म्हणून मोहात पडायला होतं. पण कानात कुड्या, टॉप्स किंवा रिंगा असतील तर त्यांच्या मागच्या फिरकीवर सगळा दाब येतो आणि अर्ध्या तासात कान लाल होतो. चष्मेवाल्यांचंही तेच, काडी मध्ये चेमटते. ओव्हर-इअरमध्ये बघायचं ते एवढंच की कपाच्या आत तुमचा पूर्ण कान मावतो का, आणि आतल्या जाळीला कानाचं टोक घासत नाही ना. चष्मा लावूनच घालून बघा. काडीमुळे पॅड उचललं गेलं की बास गळतो. मऊ, जाड पॅड असेल तर ते काडीभोवती वळतं आणि फरक कमी पडतो.

वजन खोक्यावर दिलेलं असतं आणि हा एक आकडा मात्र मनापासून वाचा. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ साधारण २५४ ग्रॅमचा आहे, ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या आसपास. दुकानात दोन मिनिटांत हा फरक जाणवत नाही, तिसऱ्या मीटिंगला मानेला जाणवतो. अडीचशेच्या आसपास असेल तर निर्धास्त घ्या; साडेतीनशेच्या वर असेल तर घालून निदान पंधरा मिनिटं दुकानात फिरा. दुकानदार बघत राहील, बघू दे.

पायरी ३ : स्वतःची गाणी घेऊन ऐकायला जा

दुकानदार डेमो म्हणून जे लावतो त्यात ढुम्म ढुम्म असतं, आणि ते कशावरही झकास वाजतं. वर्षानुवर्षं ऐकलेली, पाठ असलेली तीन-चार ध्वनिमुद्रणं स्वतःच्या फोनवर डाउनलोड करून न्या. फोनच्या सेटिंगमधला इक्वलायझर, डॉल्बी वगैरे आधी बंद करा.

एक ख्याल न्या, ज्यात तानपुरा स्वच्छ आहे. गाणारा आलाप घेत असताना मागे तानपुऱ्याची जवारी, तो तारांमधून निघणारा रेशमी झंकार, सलग ऐकू येतोय का? अनेक स्वस्त हेडफोनांत तानपुऱ्याचा नुसता ‘हूंऽऽ’ असा गोळा होतो. मग तबला. डग्ग्यावर बोटांनी ठोका देऊन मनगट दाबत पुढे सरकवलं की आवाज खालून वर चढत जातो. ‘घें’ची ती मींड हेडफोनची परीक्षा घ्यायला फार उपयोगी. चांगल्या हेडफोनवर ती चढण ऐकू येते, बास फुगवलेल्या हेडफोनवर प्रत्येक ठोका एकाच जागी ‘धप्प’ होतो.

वरच्या सुरांसाठी टाळ. एखादा वारकरी पद्धतीचा अभंग लावा. टाळ वाजल्यावर त्याचा नाद थोडा रेंगाळून विरायला हवा. नुसतं ‘च्स्स, च्स्स’ येत असेल आणि दोन मिनिटांत कपाळ चढत असेल, तर ट्रेबल गरजेपेक्षा जास्त आहे. जुनं नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावं, कारण ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची खरखर असा हेडफोन पुढे आणून ठेवतो आणि गायकाला मागे ढकलतो. शेवटी कुणाचं तरी नुसतं बोलणं ऐका, पॉडकास्ट किंवा बातम्या. ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे टोचू नयेत, आणि बोलणाऱ्याने तोंडासमोर रुमाल धरलाय असंही वाटू नये.

दोन हेडफोनची तुलना करताना दोघांचा आवाज कानाला सारखा मोठा करून घ्या. जो किंचित मोठा वाजतो तो कानाला चांगलाच वाटतो. त्यात हेडफोनची काही करामत नसते.

ऐकवणारी दुकानं शोधावी लागतात हे खरं. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे माल भरपूर मिळतो, पण गर्दीच्या वेळी कुणी निवांत ऐकू देत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुकान उघडल्या उघडल्या जा. मोठ्या शोरूममध्ये डेमोचे हेडफोन मांडून ठेवलेले असतात, तिथे ऐकून घ्या. आणि मित्रांचे ऐका. मित्राच्या हेडफोनवर तास-दीड तास काढणं दुकानातल्या पाच मिनिटांपेक्षा जास्त शिकवतं. इन-इअर मात्र स्वच्छतेच्या कारणाने बहुधा कुणी कानात घालू देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पायरी ४ : वायर की ब्लूटूथ

त्याच पैशात वायरवाल्याचा आवाज बहुधा सरस असतो, कारण त्यात बॅटरी, चिप, चार्जिंगची डबी यांचा खर्च नसतो. दोन हजारांचा वायरवाला इन-इअर पाच हजारांच्या ब्लूटूथ बड्सना सहज मागे टाकू शकतो. शिवाय तो मरत नाही. सुट्या बड्समध्ये बोटाच्या पेराहून लहान बॅटरी असते. दोन-तीन वर्षांच्या रोजच्या वापरात ती थकते आणि बहुतेकांत ती बदलताच येत नाही.

फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा अडॅप्टर मिळतो. डेस्कटॉपला जोडायचा असेल तर पिनेवरचे काळे पट्टे मोजा. माइकवाल्या पिनेला तीन असतात, बिनमाइकच्या स्टिरिओ पिनेला दोन. जुन्या कॉम्प्युटरला माइक आणि हेडफोनची भोकं वेगळी असतील तर स्प्लिटर लागेल.

ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो. सिनेमा बघताना ॲप ओठ आणि आवाज जुळवून घेतं, म्हणून तिथे कळत नाही. पण कीबोर्डची पट्टी दाबल्यावर सूर मागाहून यायला लागला की वाजवणाऱ्याचा हात गोंधळतो. गेम खेळणाऱ्यांचंही तसंच.

ऑफिसवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी आणखी एक खोच आहे. लॅपटॉपला ब्लूटूथ हेडफोन जोडून त्याचाच माइक सुरू केला की नेहमीच्या ब्लूटूथमध्ये जोडणी कॉलच्या पद्धतीवर जाते, आणि कानातलं गाणं एकदम जुन्या लँडलाइनसारखं सपाट, एकसुरी होतं. हेडफोन बिघडलेला नसतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, आवाज पूर्ववत होतो. फोन आणि लॅपटॉप दोन्हींना एकाच वेळी जोडून राहण्याची सोय हवी असेल तर ‘मल्टिपॉइंट’ आहे का ते विचारा. घरून काम करणाऱ्याला इतर कुठल्याही फीचरपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

एसबीसी, एएसी, ॲप्टेक्स, एलडॅक ही कोडेकची, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतींची, नावं वाचून दडपून जाऊ नका. आयफोन एएसीच्या पुढे जात नाही, त्यामुळे आयफोनसाठी एलडॅकचे जादा पैसे मोजणं म्हणजे पाण्यात घालणं. अँड्रॉइडवर एलडॅक चालतो, पण यूट्यूबवरची जुनी मैफल ऐकणार असाल तर मुळातच दाबलेला आवाज कोडेकने उघडत नाही.

पायरी ५ : एएनसी आणि ईएनसी यांत गल्लत नको

दीड-दोन हजारांच्या खोक्यांवर ‘ईएनसी’ ठळक छापलेलं असतं आणि घेणारा समजतो की आता आपल्याला बाहेरचा गोंगाट ऐकू येणार नाही. ईएनसी (एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशन) माइकसाठी असतं: तुम्ही बोलताना मागचा गोंगाट समोरच्याला कमी ऐकू जावा म्हणून. तुमच्या कानाला शांतता देतं ते एएनसी (ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन). बाहेरचा माइक गोंगाट टिपतो, आतली चिप त्याची उलटी लहर तयार करते, आणि दोन्ही एकमेकींना मारतात.

पण तेही सगळ्या आवाजांना मारत नाही. विमानाची घरघर, एसी, पंखा, बसचं इंजिन असे खालच्या पट्टीतले सलग आवाज छान जिरतात. हॉर्न, कुकरची शिट्टी, शेजारच्या टेबलावरची बडबड हे बरेचसे आत येतातच. त्यांना अडवायचं काम घट्ट बसलेलं रबर किंवा पॅडच करतं. नीट बसलेला साधा इन-इअर एएनसीशिवायही लोकलमध्ये पुरेसा होतो. रोज लांबच्या एसटी प्रवासाला किंवा सारखं विमानाने जाणाऱ्यांनी मात्र एएनसीवर पैसे जरूर टाकावेत. काहींना त्याने कानात घाटात गाडी चढताना येतो तसा दाब जाणवतो, म्हणून घेण्यापूर्वी चालू-बंद करून बघा.

पायरी ६ : आता आकडे

ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला भाग, किती मिलिमीटरचा, याचा आवाजाच्या दर्जाशी थेट संबंध नाही. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ही निरोगी तरुण कानाची सर्वसाधारण मर्यादा आहे आणि ती प्रत्येक खोक्यावर असते, तेव्हा सोडून द्या. इम्पिडन्स, म्हणजे ओहमचा आकडा, वायरवाल्यांनी बघावा: ३२ च्या आसपास किंवा कमी असेल तर फोनवर सहसा व्यवस्थित वाजतो, २५०-३०० ओहमवाल्यांना फोनची ताकद बहुधा अपुरी पडते, वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. बॅटरीचे तास एएनसी बंद ठेवून मोजलेले असू शकतात, खालची बारीक अक्षरं वाचा.

घामासाठी आयपीएक्स४ पुरतं. त्याचा अर्थ चहूबाजूंनी उडालेलं पाणी चालेल. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. इथला ‘एक्स’ म्हणजे धुळीची चाचणी नोंदवलेली नाही. बड्सची चार्जिंगची डबी पाण्याला अनेकदा अजिबात दाद देत नाही, ती पावसात खिशात भिजली की संपलं.

एक आकडा मात्र खोक्यावर नसतो: तो मॉडेल किती वर्षं बाजारात आहे. सेनहायझर एचडी ६०० हा १९९७ पासून विकला जातोय, सोनी एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून, कॉसचा पोर्टा प्रो तर १९८४ पासून. हेच घ्या असं म्हणत नाही. पण इतकी वर्षं चाललेल्या हेडफोनचे पॅड सुटे मिळतात, आणि दोन वर्षांनी पॅडचे पापुद्रे निघाले की एवढाच प्रश्न उरतो.

पायरी ७ : बिल फाडताना आणि त्यानंतरचा आठवडा

भारतात विकल्या जाणाऱ्या वायरलेस हेडफोनना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. नामांकित कंपनीचं खोकं, किंमत निम्मी आणि क्रमांक भलत्याचाच, असं निघालं तर माल डुप्लिकेट समजा. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपीही छापलेली असली पाहिजे. पक्कं बिल मागा. ‘बिलाशिवाय दोनशे कमी’ हा सौदा वॉरंटीच्या वेळी महागात जातो.

ऑनलाइन घेताना ‘रिफंड’ आहे की नुसतं ‘रिप्लेसमेंट’ ते पैसे भरण्यापूर्वी वाचा. इन-इअरच्या बाबतीत अनेकदा नुसती बदलीच मिळते, आणि बसत नाही हे बदलीचं कारण धरलं जात नाही. तक्रार ऐकूनच घेतली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

घरी आल्यावर मुदत संपायच्या आत सगळं तपासा. डावा-उजवा आवाज सारखा आहे का? वायर पिनेजवळ हलवल्यावर खरखर होते का? स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका, एकदा शांत खोलीत आणि एकदा खिडकी उघडी ठेवून. सलग दोन तास घालून बसा. ‘शंभर तास वाजवला की आवाज खुलतो’ असं कुणी म्हणालं तर तेवढ्यासाठी परतीची मुदत घालवू नका. बरेचदा आपलेच कान त्या आवाजाला सरावतात.

आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं. ९० डेसिबलला तीच मर्यादा आठवड्याला ४ तासांवर येते, कारण दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. आयफोनमध्ये आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्ये मर्यादा घालण्याची सोय सेटिंगमध्ये असते, मुलांच्या फोनवर ती आजच लावा.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात रेक्झिनच्या पॅडवर बुरशी धरते. वापरून झाला की कोरड्या फडक्याने पुसा, तासभर उघड्यावर ठेवा आणि मगच सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात टाका. रबराच्या टोप्या काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. जाळीवरचा मळ कोरड्या टूथब्रशने, बड उलटा धरून झाडा. टाचणी घालू नका, आतला पडदा फाटतो आणि ते वॉरंटीत बसत नाही.